मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

गाडी शिकवणारे मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतली बडी असामी. त्यांच्या शिकवायच्या गाडीत एक जादा ब्रेक होता, शेजारच्या सीटपुढे, मास्तरांच्या पायाशी. शिकणारा गडबडला की मास्तर हळूच दाबायचे, आणि त्या बिचाऱ्याला वाटायचं, वा, काय थांबवली मी. बायकोलाही त्यांनी त्याच गाडीवर शिकवलं. लायसन मिळालं तिला, कसं ते विचारू नका.

मग घरची गाडी आली. पहिल्याच रविवारी मास्तरीणबाई चालवायला, मास्तर शेजारी. चौकात दातांच्या डॉक्टरची गाडी थांबलेली. बाई निवांत. मास्तरांनी पाय दाबला, आणि गाडी धाडकन जाऊन डॉक्टरच्या गाडीवर आपटली.

"अहो, दाबला का नाही?"

"दाबला की. केव्हाचा दाबतोय."

दोघांनी खाली बघितलं. मास्तरांच्या बुटाखाली नुसती चटई.

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. समोरच त्यांच्या क्लासची पाटी. कुणी बघितलं तर उद्यापासून क्लासला काळं कुत्रं फिरकणार नाही.

"अगं, मागे घे आणि सटक," ते पुटपुटले.

बाईंनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, लुकलुकणारे दिवे लावले. "इतकी वर्षं भिंतीपलीकडून तुमचा क्लास ऐकतेय ना. ठोकल्यावर पळायचं नाही, आधी कुणाला लागलंय का बघायचं. उतरा आता."

डॉक्टर मान चोळत बाहेर आले.

"मान दुखतेय? चक्कर?" बाईंनी विचारलं.

"नाही वहिनी, दचकलो फक्त."

मग बाईंनी दोन्ही गाड्यांचे, नंबरांचे फोटो काढले, पोलिसांना फोन केला, विमावाल्यांना केला. तेवढ्यात मास्तर डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही जरा जास्तच मागे थांबला होता."

"अहो, रस्त्यात वाद घालायचा नाही, हेही तुमचंच," बाई म्हणाल्या. "ठोकलं आपण. जसं झालं तसं सांगायचं."

पोलीस आला. "ब्रेक का नाही लावला?"

"तो यांच्याकडे असतो," बाई म्हणाल्या, आणि जादा ब्रेकची सगळी गोष्ट सांगून टाकली. पोलीस वहीत तोंड खुपसून हसला. डॉक्टर मात्र हसेनात. तेही मास्तरांकडेच शिकलेले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "मी इतका झकास थांबवायचो, तेव्हा ते तुम्ही होता?"

गाडी चेपली त्यापेक्षा हे डॉक्टरांना जास्त लागलं.

गोष्ट गल्लीभर झाली. मास्तरांना वाटलं, संपलं सगळं. पण दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बायकोला घेऊन क्लासच्या दारात. "हिला शिकवा. पण त्या ब्रेकला हात... पाय लावायचा नाही. आणि ठोकल्यावर काय करायचं, ते वहिनीच शिकवतील."

त्यांच्या मागोमाग निम्मी गल्ली आली. आता बाई पुढे बसून शिकवतात, आणि मास्तर मागच्या सीटवर. मागची चटईसुद्धा झिजायला लागलीय म्हणे.