नायकापुढे बसलेले बीडीओ

धरमसिंग राठोड नेरकडे ग्रामसेवक म्हणून लागले तेव्हा त्यांच्याकडे एक सायकल आणि भलामोठा आवाज होता. बत्तीस वर्षांनी ते गटविकास अधिकारी, म्हणजे बीडीओ, झाले, आणि शेवटची बदली नेमकी स्वतःच्या तालुक्यात आली. पण आपल्या बंजारा तांड्यासाठी त्यांनी कधी शब्द टाकला नाही. ‘आपल्या माणसांचं केलं’ असं कुणी म्हणू नये, एवढीच धास्ती. काय माणसं होती ती! अशी धास्ती आता दिसत नाही.

२००६चा उन्हाळा. कापसानं दगा दिलेला, घरोघरच्या बाया मजुरीला निघालेल्या. त्यात तांड्याची विहीर आटली. चार किलोमीटरवरून पाणी आणायचं म्हणजे मजुरीचा दिवस बुडाला. अंतराप्रमाणे टँकरच्या यादीत तांडा पहिला होता. साहेबांनी पेन उचललं आणि तो सातवा केला. टँकर होते पाच.

तांड्यानं नसाब बोलावली. तांड्यातला तंटा नायकापुढे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखापुढे, बसून मिटवायचा, अशी जुनी रीत. आरोपी खुद्द बीडीओ! साहेब गेले, चपला काढून जमिनीवर बसले.

भावजय मोतीबाई पदर खोचून उभी राहिली. “काहो भाऊजी, तुमचे हाओ म्हणून आमी तहानेनं मरावं का?”

“वहिनी, लोक नावं ठेवतीन.”

“तुमच्या चांगल्या नावानं घागर भरते काय?”

हशा पिकला. नायक नेमसिंग मात्र हसले नाहीत. “धरमा, दुसऱ्याचं घेऊ नको हे खरं. पण आपल्याचं मारायले तुले कोनं सांगतलं? उद्या भर सभेत चूक कबूल कर. हाच दंड.”

दुसऱ्या दिवशी पंचायत समितीच्या सभेत साहेबांनी यादी वाचली. तांडा पहिला. “भीतीपोटी मीच त्याला खाली ढकललं होतं,” ते म्हणाले.

ज्याचं गाव आता सहावं झालं, तो सदस्य रामधन उसळला. “रिटायर व्हायच्या टायमाले गाववाले आठवले काय साहेब?”

बत्तीस वर्षं ज्या वाक्याला भ्यायले, ते अखेर समोर आलं. साहेब घोटभर पाणी प्यायले. “आठवले. तुम्ही अंतर मोजा. माझं खोटं निघालं तर टँकर तुमचा.”

रामधननं खरंच मोजलं. अंतर चार किलोमीटरच्या वरच भरलं. तक्रार त्यानं तरीही वर धाडली.

टँकर तांड्यावर पोचला त्या सकाळी साहेब कचेरीत तक्रारीचं उत्तर लिहीत होते. आणि मोतीबाई, कितीतरी दिवसांनी, वेळेवर कामावर गेली.