जोडीने जाण्यास सक्त मनाई

लाखनीजवळच्या राईस मिलमध्ये एचआरच्या मुलाखतीत मी सांगितलं होतं की मला माणसं आवडतात. ते खोटं नव्हतं. लांबून आवडतात.

तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. पॅकिंगच्या बाया बाथरूमला दोघी-दोघी जातात, गप्पा मारतात, काम अडतं. नोटीस काढा. आणि याच कारणासाठी पोती शिवणाऱ्या मावशींना मेमो द्या. हा तिसरा, म्हणजे पुढच्या महिन्यात त्यांचं काम बंद. त्या नसल्या की पोती ट्रकमध्येच उसवतात, हे साहेबांनाही ठाऊक होतं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

माझं मराठी इंग्रजी शाळेमुळे जरा कडक इस्त्रीचं आहे. 'प्रसाधनगृहात जोडीने जाण्यास सक्त मनाई आहे,' असं मी टाइप केलं.

मावशींनी मेमो हातात घेतला, नोटीस माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "म्याडम, तुमी कोनाले संग नेता?"

"मी जातच नाही."

खरंच. सहा वाजेपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नसे.

"आयका वो बायांनो!" अख्खं पॅकिंग हसलं. "दाराले कडी नाही, म्याडम. एक आत, दुसरी दार धरून उभी. तिनं दार धरावं का नाक? गप्पा कायच्या मारते?"

"साहेबांना का नाही सांगितलं?"

"त्याहिले? संडासाचं? तुमी सांगा. तुमी शिकल्या आहा."

मी मेल लिहिली: 'कर्मचारी कल्याण – सुविधांमध्ये सुधारणा.' पाच मिनिटांत उत्तर आलं: 'छान कल्पना. शनिवारी योगा ठेवा.'

मग केबिनमध्ये जावंच लागलं. साहेबांसमोर साकोलीचे एक व्यापारी चहा पीत बसले होते. पाठ केलेलं वाक्य डोक्यातून उडालं.

"सर, संडासाला कडी नाही!" आवाज फारच मोठा निघाला. "म्हणून त्या दोघी जातात. आणि मी जातच नाही." हे शेवटचं बोलायचं मी ठरवलं नव्हतं.

व्यापाऱ्यांनी कप खाली ठेवला. साहेबांनी छताकडे बघत वेल्डरला फोन लावला.

दुपारपर्यंत कडी बसली. गोदामाची होती, बैल आत कोंडला तरी टिकेल अशी. मावशींकडून मागून आणलेल्या मेमोवर साहेबांनी 'रद्द' लिहिलं, पुढे कारण: 'तांत्रिक'.

मी तो कागद मावशींना नेऊन दिला.

"तांत्रिक म्हंजे?"

"म्हणजे तुमची चूक नव्हती."

"मंग तसंच लिवा ना, बाई."

मी पेनाने खाली तसंच लिहिलं आणि साहेबांची पुन्हा सही घ्यायला निघाले.