पुस्तकं वाळवायचा दिवस

मावळात चार महिने पाऊस पडला की भिंतींना, वहाणांना, लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्यालासुद्धा बुरशी येते. मग शाळेच्या कपाटातली पुस्तकं कशी सुटतील? इंद्रायणीकाठच्या आमच्या गावच्या शाळेत त्या कपाटाला कायम कुलूप असे. ते उघडायचं वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या सुमाराला, पुस्तकांना ऊन द्यायला. अंगणात घोंगड्या अंथरून गुरुजी प्रत्येकाला एकेक पुस्तक देत. चिकटलेली पानं हलक्या हातानं सोडवायची, वाळली की उलटायची आणि मध्येमध्ये कडुनिंबाचं पान ठेवायचं, एवढंच काम. वाचायला कुणी सांगितलं नव्हतं. पण पान वाळेपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघून मी करणार काय? जी अक्षरं पाटीवर गिरवून कंटाळा आला होता, तीच तिथं गोष्ट सांगायला लागली. मी वाचायला शिकले ती खरी त्या घोंगडीवर.

एका वर्षी माझ्या वाट्याला नावाड्याच्या मुलीची गोष्ट आली. बाप तापानं फणफणलेला, वैद्य पलीकडच्या तीरावर, आणि ही पोरगी पुरात एकटीच नाव घालते. नाव मधल्या धारेत आली आणि इकडे ऊन कललं. गुरुजी पुस्तकं गोळा करायला लागले, तशी मी त्या जागी कडुनिंबाचं पान घातलं आणि पुस्तक देऊन टाकलं.

घरी आईला गोष्ट सांगितली. तिला अक्षरओळख नव्हती. भाताच्या कापणीपासून माझी शाळा बंद करायचं घरात ठरलं होतं, पण आई म्हणाली, "पोरगी पार झाली का न्हाई, तेवढं कळू दे. तवर जा साळंला."

त्याच सुमाराला गुरुजींनी जाहीर केलं की शाळेच्या तपासणीला दिपोटीसाहेब येणार आहेत. त्यांच्यापुढं जो न अडखळता वाचेल, त्याला दिवाळीच्या सुट्टीत हवं ते पुस्तक घरी न्यायला मिळेल. चुलीपुढं, गोठ्यात, जिथं तिथं धड्यांचं पुस्तक मोठ्यानं वाचून मी घर डोक्यावर घेतलं. आईनं जुन्या लुगड्याच्या फडक्याची पिशवी शिवली आणि चुलीपासून लांबची एक फळी पुसून मोकळी केली.

साहेबांपुढं मी एकदाही अडखळले नाही. ते खूश झाले, त्यांनी गुरुजींचं तोंडभरून कौतुक केलं. त्यांचा टांगा गेल्यावर मी पिशवी घेऊन कपाटापाशी उभी राहिले. गुरुजी पाटलांच्या माडीवर राहत, जेवतही तिथंच. त्यांनी नावाड्याच्या मुलीचं पुस्तक काढलं आणि पाटलांच्या मुलाच्या हातात दिलं. त्याला तर साहेबांपुढं उभंसुद्धा केलं नव्हतं. मला म्हणाले, "तुमच्या घरात ओल असते, बाळ. पुस्तक खराब होईल."

त्यातलं ते 'बाळ' मला फार लागलं. रागावून नाही म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी मला गोड बोलून फसवलं, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पुस्तकांची ओल काढायला आमचेच हात चालत होते की.

आईनं त्या पिशवीत मिरच्या भरल्या आणि सकाळी मला कापणीला नेलं. शाळा सुटली ती सुटलीच.

पुढच्या दसऱ्याला गुरुजींनी बोलावणं धाडलं. माझा हात हलका म्हणून पुस्तकं वाळवायला मीच हवी होते. मी गेले, ती फक्त त्या पोरीसाठी. घोंगडीवरून तेच पुस्तक उचललं. पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. जपून सोडवत गेले, तर मधल्या धारेपाशी माझं कडुनिंबाचं पान जिथल्या तिथं होतं, सुकून काळं पडलेलं. पाटलांच्या घरी दिवाळीभर राहून आलेलं पुस्तक होतं ते.

गुरुजींच्या कपाटासाठी पुढचं पान सोडवायला माझा हात उठेना. पुस्तक तसंच मिटून मी गुरुजींपुढं ठेवलं आणि न विचारता निघाले.

आई बांधावर गवत कापत होती. मला बघून तिनं विळा थांबवला. "पोरगी पार झाली का?"

"न्हाई," मी म्हणाले. "कुनी उघडूनच बघितलं न्हाई."