टीव्हीतल्या सिंधुबाई

आमच्या समोरच्या दारातला शेखर इथेच राहतो, पण थोडा उशिरा. "चहा टाकू का रे?" असं विचारावं, तर कप विसळून पालथे घातल्यावर त्याचं "हो काकू" येतं. लासलगाव, विंचूरकडची लग्नं लांबच्या नातेवाइकांना मोबाईलवर थेट दाखवायची, हा त्याचा धंदा. त्याचा सर्व्हर पलंगाखाली घूं घूं करत असतो. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की तिच्यात काय काय बदललं ते हा दारात उभा राहून वाचतो. चेहरा असा खुललेला, की मला आधी वाटायचं, चाळिशीत का होईना, स्थळ सांगून आलं.

त्याचे वडील सावळीराम खुब्याचं हाड मोडल्यापासून कॉटवरच. त्यांच्यासाठी शेखरने अंगणातल्या दत्तमंदिरात कॅमेरा लावला. संध्याकाळची आरती घरात टीव्हीवर दिसायची, फक्त अर्धं मिनिट मागे. त्यामुळे आमच्याकडे घंटा दोनदा वाजायची. एकदा अंगणात, मग टीव्हीत, पहिलीची आठवण आल्यासारखी.

आरती करायच्या शेखरच्या आई, सिंधुबाई. संपली, की ताट घेऊन लगबगीने घरात येऊन कॉटच्या कडेला बसायच्या. टीव्हीतल्या सिंधुबाईंची आरती अजून चालूच असायची. दोघं मिळून त्यांना बघायचे.

"बाई गुणी हाय," सावळीराम म्हणायचे. "वाद घालत नाय."

"अहो, परक्या बाईकडे किती टक लावावी माणसानं."

दार उघडं असायचं. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते.

शेखरला मात्र ते अर्धं मिनिट सलायचं. दिवाळीनंतर एकदाचं अपडेट आलं आणि उशीर जवळजवळ संपला. त्या संध्याकाळी अंगणात आणि टीव्हीत एकच घंटा वाजली. शेखर दारात हसत उभा. सिंधुबाई ताट घेऊन आत आल्या, तर टीव्हीत रिकामं मंदिर आणि एकटी समई.

"तू आली अन् ती गेली," सावळीराम म्हणाले.

"छान दिसतंय रे, शेखर," म्हणत सिंधुबाई ताट ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या.

पुढे त्यांची लगबगच गेली. आरती संपली, की सावळीराम टीव्ही बंद करून भिंतीकडे तोंड करायचे. शेखरला वाटलं, आवाज कमी पडतोय. त्याने स्पीकर बदलला.

शेवटी मीच त्याला फाटकाशी गाठलं. "बापाची दुसरी बायको पळवून लावलीस, आणि वर स्पीकर बदलतोस?" म्हटलं, आणि आरतीच्या वेळी आत काय चालायचं ते सगळं सांगितलं.

तो बघतच राहिला. मी कोपऱ्यावरून मेथीची जुडी घेऊन परतले, तरी तिथंच.

"रोज बघायचे दोघं?" त्याने विचारलं.

दुसऱ्या संध्याकाळी घंटा पुन्हा दोनदा वाजली.

"जुनंच टाकलंस ना परत?" मी शेखरला दारातूनच विचारलं.

हे उत्तर यायला जरा वेळ लागला. "नाही काकू. नव्यात हवा तेवढा उशीर ठेवता येतो. मालेगावची आत्या मोबाईलवर बघते, तिला लगेच दिसतं. घरचा टीव्ही तेवढा मागे ठेवलाय."

"किती मागे?"

आता मात्र तो लगेच बोलला. "आईच्या चालीनं. गुडघे कुरकुरले, की वाढवू."

उघड्या दारातून मला दिसत होतं. टीव्हीतल्या सिंधुबाईंनी ताट खाली घेतलं, पदर सारखा केला आणि घराच्या दिशेने निघाल्या. कॉटवरच्या सिंधुबाईंच्या मांडीवर त्याच ताटातलं निरांजन अजून तेवत होतं.

"सरक जरा," सावळीराम म्हणाले. "ती येती हाय."

त्या सरकल्या.