अ‍ॅडजस्टची व्युत्पत्ती

मला हजारो शब्दांचं मूळ ठाऊक आहे आणि एक शब्द उच्चारता येत नाही.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हाची गोष्ट. सरकार आलं, खाती आली, साहेब आले. फक्त त्यांच्यासाठी घरं यायची राहून गेली! तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात एकच खोली जास्तीची, माझ्या अभ्यासाची. (अभ्यास म्हणजे शब्दकोश उशाला घेऊन घोरणे, असं बायकोचं मत.) अशात एका रविवारी तिचा मावसभाऊ अनिल भोपाळहून बदली होऊन दारात उभा राहिला.

चहाचं आधण ठेवायच्या आत बायको माझ्या कानाशी लागली. "तो खोली मागाले आला. मले भावाले नाही म्हणता येत नाही. तुम्ही म्हणा. फक्त 'नाही'!"

"त्यात काय!" मी छाती पुढे काढून बाहेर आलो.

"जिजाजी, क्वार्टर मिळेपर्यंत थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या न," अनिल म्हणाला.

आता हा शब्द माझ्यासमोर काढायचा नव्हता! "अनिलबाबू, अ‍ॅडजस्टचं मूळ लॅटिन. 'युक्स्ता', म्हणजे अगदी जवळ. त्यावरून फ्रेंचांनी क्रियापद केलं, जवळ आणणे. इंग्रजांनी ते उचललं, हिंदीनं मागे 'करना' लावलं. अन् गंमत पाहा, आपल्या बैलाच्या मानेवरचं जू त्याच घराण्यातलं!"

बायको दाराआडून डोळे वटारत होती. मला वाटलं, व्याख्यानात रंगली आहे.

"म्हणजे आपण एकाच घराण्यातले!" अनिलने मला मिठीच मारली. "तर मग आणतो सगळ्यांले जवळ!"

'सगळे' कोपऱ्यावर ट्रकमध्येच बसले होते. अनिलची बायको, सासू, कूलर, तुळशीची कुंडी आणि एक कुत्रा. त्याने आल्या आल्या माझ्या कोशावर पाय वर केला (तोही लॅटिनच्या!). तासाभरात सगळे शब्दकोश व्हरांड्यात गेले आणि त्यांच्यामागे मी.

"जू म्हणे! आता बैल कोण झाला?" बायकोने माझी उशी बाहेर भिरकावली. "इतके शब्द पाठ, अन् 'नाही' म्हणाले काहून जीभ उचलली नाही?"

"अगं, 'नाही'चं मूळ संस्कृत 'नहि'..." मी सुरू केलं. ती ऐकायला थांबली नाही.

तेवढ्यात माझ्या खोलीतून अनिलच्या सासूबाई डोकावल्या, कुत्रा काखेत. "भैया, हम लोग साल भर रुक जाएँ, तो आपको कोई तकलीफ तो नहीं?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ठणकावून म्हणालो, "नाही!"