सोललेली होडी

खून पाहिले, दरोडे पाहिले, गाजलेले तपासही केले. पण निवृत्त झाल्यावरही डोळ्यांपुढून हलत नाही ती एका होडीवरच्या फोमची चोरी. हे बोलून दाखवले की जुने सहकारी हसतात. तेव्हाही हसले होते. हसोत. मी हीच केस सांगणार.

बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एका सकाळी किनाऱ्यावरच्या गावातली एक तिशीतली कोळीण ठाणे अंमलदारासमोर उभी होती. तो तिला समजावत होता, "बाई, फोमची कसली फिर्याद देता? साधा अर्ज लिहा आणि जा."

"अर्ज नाय. फिर्याद," ती म्हणाली. "लिहून घेतल्याबिगर मी हलनार नाय."

स्टेशन डायरीत नोंद होईपर्यंत ती बाकावरसुद्धा टेकली नाही. मी तिला आत बोलावले.

हकीकत अशी होती. तिचा नवरा मच्छीमार. जाळे ओढताना दोराचा वेढा बसला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पुढे कृत्रिम पाय मिळाला, पण होडी फायबरची. ओल्या फायबरवर तो पाय ठरेना. होडीत चढला की घसरून पडायचा. म्हणून हिने फोमच्या चिकट शीट मागवल्या. पाय घसरू नये म्हणून होडीच्या डेकवर त्या बसवतात. दोघांनी मिळून डेक गोड्या पाण्याने धुतला, थिनरने पुसला, उन्हात वाळवला. मापाने शीट कापल्या, मागचा कागद सोलत एकेक दाबून बसवली. गोंद पक्का धरेपर्यंत पाणी लागू द्यायचे नव्हते. तेव्हा होडी वाळूवर ओढून ठेवून दोघे दुपारी पायाचा पट्टा नीट करून घ्यायला पालघरला गेले. संध्याकाळी परत येतात तो डेक उघडा. फोमचा एक तुकडा शिल्लक नाही.

"साहेब, आता परत पडला तर तो दर्याचं नाव घेनार नाय," ती म्हणाली. "आन घरात बसला तर घरातच संपल. आख्खा दिस भिंतीकडं तोंड करून बसतो."

मी गुन्हा दाखल करून घेतला. वरिष्ठांना कळले तेव्हा त्यांनी फोनवर विचारले, "तुमच्याकडे दुसरी कामे नाहीत का?" कामे खूप होती. हेही त्यातलेच एक होते.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. आमच्या खबऱ्याने सांगितले की शेजारच्या होडीवाल्याचे आणि या कुटुंबाचे होडी ओढून ठेवायच्या जागेवरून वाकडे आहे. शिवाय तो चार लोकांत बोलला होता, 'लंगडा दर्यात जानार आन आमी त्याला शोधत फिरनार.' एवढ्यावर सगळ्या गावाने त्याला चोर ठरवून टाकले. वरिष्ठ म्हणाले, "आणा उचलून, दोन दणके द्या, निघेल फोम." मी त्याला आणले, पण दणके दिले नाहीत. मारून काढलेल्या कबुलीवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितले. त्यांना आवडले नाही. न आवडो.

शेजारी चौकशीला आला तो छाती पुढे काढूनच.

"बोललास का तसे?"

"बोललो. परत पन बोलेन. मला तो बुडायला नको हाय म्हनून बोललो."

"आणि फोम?"

"साहेब, दुसऱ्याच्या होडीवर न विचारता पाय ठेवनारा मी नाय. आमच्यात कुनीच ठेवत नाय. ठेवला आसल तर त्यानं, ज्याला विचारायची गरज नाय."

रागाच्या भरात त्याने एवढे सांगितले आणि तो गप्प झाला. खोटे बोलणारा माणूस असा अर्ध्यावर थांबत नाही, बोलतच राहतो. मी त्याला घरी पाठवले आणि पुन्हा होडीकडे गेलो.

पंचनाम्याच्या वेळी मी एक गोष्ट पाहिली होती, पण तिचा विचार केला नव्हता. शीट फाडलेल्या नव्हत्या. कडेपासून सावकाश सोलल्या होत्या. सूड घेणारा चाकू चालवतो, इथे तर फायबरवर ओरखडासुद्धा नव्हता. आता वाकून पाहिले तर कोपऱ्यांत उरलेल्या गोंदावर पांढरी भुकटी चिकटलेली होती. सोबतचा हवालदार म्हणाला, "मीठ असेल, साहेब." मी बोटावर घेऊन चोळली, जिभेवर टेकवली. खारट नव्हती. मी मासवणकडचा, तांदळाच्या भाकरीवर वाढलेला. भाकरी थापताना परातीला चिकटू नये म्हणून आमची आई जे भुरभुरवायची, ते हे पीठ होते. फोम गुंडाळताना आपल्याआपल्यात चिकटू नये म्हणून कुणीतरी ते वापरले होते. चोराला कसली आलीय एवढी काळजी?

तिथून मी सरळ फिर्यादीच्या घरी गेलो. फिर्यादी बाई भांडी घासत होती, नवरा भिंतीला टेकून बसला होता. त्याची म्हातारी आई दारात जाळे विणत होती. तिच्या जबाबात लिहिले होते की दुपारी ती झोपली होती.

"आजी, घरात तांदळाचे पीठ आहे का?" मी विचारले.

तिने मान वर केली. माझ्या बोटांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"माळ्यावर हाय," ती म्हणाली. "पीठ नाय, तुजा फोम. जा, काढून घे. आन मला घाल आत."

सुनेच्या हातातले भांडे खाली पडले. "आई, तुमी?"

"मीच. दर्यानं याचा एक पाय घेतला, तवा मी कुनाकडं फिर्याद केली? आता आख्खा देऊ?"

"मग पीठ कशाला लावले?" मी विचारले. अधिकारी म्हणून विचारायची गरज नव्हती, पण मला राहवले नाही.

"सुनेनं मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहून आनलेली चीज. नासवायची कशी?"

नवरा भिंतीला धरून उभा राहिला, तसाच बाहेर पडला आणि वाळूवरच्या होडीत चढला. आम्ही मागे गेलो. तिथलीच बादली घेऊन त्याने उघड्या डेकवर पाणी ओतले, सगळे निसरडे झाले. तो दोन पावले चालला आणि आपटला. सून धावली तर तिला हातानेच थांबवले. उठला. पुन्हा चालला, पुन्हा पडला, कोपर फुटले. तिसऱ्यांदा उठून त्याने आईकडे पाहिले.

"आई, तू काढत जा. आमी चिकटवत जाऊ. आन नाय चिकटलं तर मी असाच जाईन."

म्हातारी वळली आणि घरात गेली.

ठाण्यात परतलो तेव्हा वरिष्ठांचा फोन आला. "काय, मिळाला का चोर?" मी म्हणालो, "चोर नव्हताच, साहेब. पण तपास झाला." ते हसले. मी फोन ठेवला आणि शेजाऱ्याच्या घरी स्वतः गेलो, कारण ज्याच्यावर गावादेखत संशय घेतला त्याला गावादेखतच मोकळे करायला हवे होते. वैर कोणाचे आणि काळजी कोणाची, हे बोलण्याच्या धारेवरून कळत नाही. एवढी एक गोष्ट मी त्या केसमध्ये शिकलो आणि पुढे कुणी कितीही घाई केली तरी सोडली नाही.

दोन दिवसांनी प्रकरण मिटवण्यासाठी जबाब घ्यायला गेलो. होडीत म्हातारी एकटी बसली होती. मांडीवर शीट उलटी पसरून बोथट सुरीने गोंदावरचे पीठ खरवडत होती. बाजूला नव्या गोंदाचा डबा होता.

"लिही," ती म्हणाली. "माजं मन नाय. मी त्याला जा म्हनलेलं नाय. हे पन लिही."

मी तसेच लिहिले, वाचून दाखवले. तिने अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली आणि सुरी पुन्हा हातात घेतली.

"आता सरक तिकडं," ती मला म्हणाली. "ऊन हाय तवर चिकटवायला पायजे. मागच्या खेपेला कोपरे नीट दाबले नव्हते त्यांनी."