अंगठ्याखालची चिठ्ठी

सुलतान बाजारात अस्तराचं कापड फाडून घेत होते, तेव्हा सरोजताईंच्या भाचीचा फोन आला. "आंटी, मावशी उठ नहीं रहे. डॉक्टर आके गए…" मी कापड घेतलं, पिशवी उचलली आणि रिक्षात बसले. गौलीगुड्यातलं त्यांचं घर येईपर्यंत अस्तराचा रंग बरोबर आहे का, एवढंच पाहत होते.

सरोजताई आमच्या चर्चच्या छोट्या मराठी मंडळीत रविवारच्या शाळेत तीसेक वर्षं मुलांना पवित्र शास्त्र शिकवत होत्या. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हाताखालून गेली. देवाने प्रत्येकाला काही हेतूने घडवलंय, हे त्या अशा सांगायच्या की पोरं आपापल्या हातांकडे बघत बसायची. मग हळूहळू मुलांचं मराठी सुटलं. "टीचर, पढ़ना नक्को, स्टोरी बोलो ना," म्हणणारी तीन उरली, नंतर तीही तेलुगू उपासनेला जाऊ लागली. वर्ग बंद पडला. त्याच वर्षी सरोजताईंची मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झालं… मंगळवार, गुरुवार, शनिवार. न्यायला-आणायला मी. माझं शिवणाचं दुकान मी दुपारी उघडू शकत होते, म्हणून.

नाताळच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "रत्ना, हे आता थांबवते."

"आणि मग?"

"मग काय, जाईन. शिकवायचं होतं ते संपलं. आता कशासाठी ठेवलंय, ते त्याने एकदा सांगावं. नाहीतर सोडावं मला."

त्या गंमत करत नव्हत्या. मी घाबरले.

आमच्याकडे वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासनेत टोपली फिरते. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावरचं शास्त्रवचन म्हणजे देवाने त्या वर्षासाठी दिलेला शब्द. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं, टोपली फिरवायचंही माझंच. त्या सकाळी एक चिठ्ठी मी अंगठ्याखाली दाबून ठेवली आणि सरोजताईंपुढे आल्यावर वर सरकवली. तुमच्यासाठी माझ्या मनात भल्याच्याच योजना आहेत, पुढे आशा आहे, अशा अर्थाचं वचन होतं. त्यांनी ते वाचलं, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. थांबवायचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढे चौदा महिने त्या कामाची वाट पाहत राहिल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईला त्या प्रार्थना शिकवू लागल्या. "हेच असेल का ग?" ती बाई महिन्याभरात गेली. मग भाचीच्या मुलीला मराठी अक्षरं गिरवायला बसवलं, ती चार दिवसांत कंटाळली. हाताच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, रात्री पायात गोळे यायचे, जेवण कडू लागायचं. तरी परत येताना रिक्षात दर वेळी तोच प्रश्न, "काही दिसतंय का तुला?" मी म्हणायची, "दिसेल." शेवटी शेवटी तेही म्हणवेना.

त्यांच्या शेवटच्या शनिवारी मी चिठ्ठीचं सांगून टाकलं. नामपल्लीच्या सिग्नलला रिक्षा थांबली होती.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "म्हणजे चौदा महिने मी कुणाचं ऐकत होते? तुझं?"

"हो."

"आणि ते वचन ज्यांना सांगितलं, ते बंदिवासात होते. बहुतेक तिथेच मेले. वर्गात सांगितलं होतं मी. तू मागे बसून बटणं लावत होतीस."

"मला तुम्ही हव्या होतात, ताई."

"ते देवाच्या तोंडून कशाला वदवलंस? तुझ्या तोंडाने म्हणायचं होतंस." एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. घरासमोर उतरताना माझा हात धरला नाही, कठड्याला धरून जिना चढल्या. वरून म्हणाल्या, "मंगळवारी लवकर ये. मागच्या वेळी उशीर केलास."

मंगळवार आलाच नाही. त्यांनी मला माफ केलं होतं की नुसती सवय बोलली, हे मला कळलेलं नाही. पाळक म्हणाले, त्यातही प्रभूचा हेतू असेल.

पाणी मोजून प्यावं लागे, म्हणून त्या माझ्याकडे आल्या की बर्फाचा खडा चघळायच्या. त्यांच्यासाठी ट्रेच्या खाचा मी अर्ध्याच भरायची. काल फ्रीज साफ करताना तो ट्रे सापडला. बर्फ सिंकमध्ये ओतला, ट्रे घासला, पुसला. आणि पुन्हा अर्धा भरून आत ठेवला… कशासाठी, ते कुणी विचारू नये.